शिधा चाळीस, झोप आठ तास

पोटात तलवार, खांद्यात बाण, अंगावर आगीचा गोळा फुटलेला. उपचार काय? आठ तास झोप. सकाळी गडी ठणठणीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदावरच्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा नियम रीतसर छापला आहे, आणि त्याच नियमांवर बेतलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ चा व्हिडिओ गेम सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या मराठी फ्लॅटांतून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतो. पडद्यावरच्या जादूगाराची झोप पुरी व्हावी म्हणून पडद्यासमोरचा इंजिनिअर चार तासांत उठतो. मग डाउनटाउन लाइनवर एक्स्पोपर्यंतच्या तीन स्टेशनांत उभ्याउभ्या डुलकी काढून चांगी बिझनेस पार्कात हजर. पुस्तकातल्या नियमाने शॉर्ट रेस्ट किमान एक तासाची लागते, त्यामुळे ही डुलकी धरता येत नाही.

इतके लाड पूर्वी नव्हते. याच खेळाच्या, गॅरी गायगॅक्सने लिहिलेल्या १९७९ च्या नियमपुस्तकात दिवसभर पडून राहिलं की एक हिट पॉइंट, म्हणजे तब्येतीचा एक गुण, परत मिळे. अगदीच खिळखिळा झालेला योद्धा पूर्ण बरा व्हायला सलग चार आठवडे. म्हणजे राक्षसाशी एकदा झुंजायचं आणि बाळंतपणाला माहेरी आल्यासारखं महिनाभर लोळायचं.

पुढे नियम सैल झाले आणि खेळाडू शेफारले. एक चकमक, एक झोप; दुसरी चकमक, दुसरी झोप. जादूगार सगळे मंत्र पहिल्याच दारात उधळणार आणि लगेच अंथरूण घालणार. लोकांना झोपू कसं द्यायचं नाही, ही गेम बनवणाऱ्यांची डोकेदुखी झाली. कागदावरच्या खेळात चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट, म्हणजे ती आठ तासांची झोप, असं कुंपण घातलं गेलं. ‘बाल्डर्स गेट ३’ने शिधापत्रिका काढली: लाँग रेस्टला ४० शिधा मोजा, अवघड पातळीवर ८०. त्यामुळे जग बुडायला आलेलं असताना आपला महापराक्रमी नायक परक्याच्या घरातली पिंपं उचकत बसतो. चीज, सॉसेज, सफरचंद, अर्धी संपलेली असेल तरी चालेल अशा नजरेने दारूची बाटली. डोक्यात अळी शिरली आहे, घाई करा, असं गेम सारखं बजावतो. आणि फजिती घाई करणाऱ्याचीच होते, कारण सोबत्यांचे कितीतरी प्रसंग रात्रीच्या तळावरच घडतात. जो कमी झोपला त्याला कथाच कमी दिसते. ‘आराम हराम है’च्या पाट्यांखाली वाढलेल्या पिढीने या वाटेला जाऊ नये.

‘डार्क सोल्स’ (२०११) त्याहून खडूस. शेकोटीपाशी बसलात की तब्येत सुधारते, औषधाच्या कुप्या भरतात, आणि वाटेत मारलेले जवळजवळ सगळे शत्रू पुन्हा उभे राहतात. रजेवरून परतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण खरी करामत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची. २००४ साली गेम बाजारात येण्याआधी चाचणीत असं होतं, की फार वेळ खेळलात तर अनुभवाचे गुण निम्म्यावर. खेळाडू खवळले. कंपनीने हिशेब तोच ठेवला, नावं फिरवली: निम्मा दर झाला ‘नेहमीचा’, आणि आधीचा पूर्ण दर झाला ‘विश्रांतीचा बोनस’, २०० टक्के! लोक खूश. तुमच्या कंपनीने यंदा ‘वेलनेस डे’ जाहीर केला असेल, तर तो दिवस जुन्या पत्रकात कुठल्या नावाने होता ते जरा पाहा.

या सगळ्यात पुण्याला कुणी विचारलं नाही. एक ते चार ही शॉर्ट रेस्ट पेठांतल्या दुकानांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, दारात गिऱ्हाईक कितीही ताटकळो. २०१७ साली चितळे बंधूंनीही दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं आणि तो गड पडला.

टॅम्पिनीसला असले लाड परवडत नाहीत. तापाने फणफणलेल्या माणसालाही ब्लॉकखालच्या क्लिनिकात रांग लावून एमसी, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट, आणावं लागतं. आपण आजारी आहोत यावर डॉक्टरची सही हवी. कायद्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी पगारी वार्षिक रजा किमान सात दिवस. तरी हे नशीबवान. घरातल्या हेल्परसाठी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली २०१३ साली, आणि तीही तिच्या संमतीने पैसे देऊन विकत घ्यायची सोय ठेवून. संमती कशी मिळते, हे कुणी विचारत नाही. शेवटी मनुष्यबळ मंत्रालयाला लिहावं लागलं, की १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातला निदान एक दिवस तरी विकत घेता येणार नाही.

‘बाल्डर्स गेट ३’मधले सोबती थकले की स्वतःहून सांगतात, तळ ठोका म्हणून. मनात काही असलं की डोक्यावर उद्गारचिन्ह लागतं, आणि ते पाहून आमची मंडळी अर्धा अर्धा तास त्यांची सुखदुःखं ऐकत बसतात. तो महिन्याचा एक दिवस मात्र पूजेच्या रविवारी आला की पुढच्या रविवारवर जातो, आणि पुढच्या रविवारी पुण्याहून पाहुणे येतात.