मॉनिटरचा मृत्यूचा दाखला

माणूस दुरुस्तीवाल्याकडे वस्तू दुरुस्त करायला जातो, हा भोळा समज आहे. तो जातो "हे आता होत नाही, नवीनच घ्या" एवढं ऐकायला. तेवढं एक वाक्य घरी आणलं की खरेदीला बिनविरोध मंजुरी मिळते. आमच्या एकोणीस इंची मॉनिटरसाठी मी असाच मृत्यूचा दाखला शोधत होतो. बटण दाबलं की दोन सेकंद चित्र, मग गुडुप अंधार. मला तेवढं पुरेसं होतं, बायकोला नव्हतं.

चांद्यात तज्ज्ञांना तोटा नाही. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क. शेजारच्या इंजिनिअरनं आधी "काका, ड्रायव्हर अपडेट केलात?" असं विचारून पाहिलं. मग काळ्या पडद्यावर मोबाईलचा टॉर्च मारला. आत अंधुक चित्र दिसत होतं. म्हणाला, "पॅनल जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय." पोरगा हुशार, पण नको तिथे.

"तरी नवाच घ्या," त्यानं सावरून घेतलं. "जुन्या पॅनलच्या नळ्यांत पारा असतो. आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, जुना रीतसर देऊन टाका."

मी कायद्याचा इतका आदर पूर्वी कधी केला नव्हता. पण बायकोही तयारीत होती. "केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, ते काय शोभेला?"

शेवटी मॉनिटर गेला मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे. "साहेब, बोअरची मोटर असो नाहीतर घरातला पंखा, आधी कपॅसिटर बघायचा," म्हणत त्यानं मागचं झाकण उघडलं. मी बोट पुढे केलं तसा ओरडला, "त्या मोठ्याला हात नको! प्लग काढला तरी त्यात करंट साठलेला असतो." शेजारी छोटे कपॅसिटर ओळीनं उभे होते. डोकी सपाट हवीत, त्यातल्या दोघांची टम्म फुगलेली. हजार एमएफडी, पंचवीस व्होल्ट. किंमत वडापावपेक्षा कमी, पण ते आणायला बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीपर्यंत जाळलेलं पेट्रोल मात्र जेवणाच्या थाळीएवढं. हा हिशेब मी घरी मोठ्या आशेनं मांडला. "मंडईतून भाजीही आणा," एवढंच उत्तर आलं.

त्यानं करड्या पट्टीची बाजू निगेटिव्हला धरून नवे कपॅसिटर डाखले, झाकण लावलं, बटण दाबलं. दोन सेकंद गेले. पाच गेले. मी श्वास रोखून धरला होता. पडदा लख्ख.

"घ्या साहेब, आता दहा वर्षं बघायला नको!"

चेहरा शक्य तितका आनंदी ठेवून मी विचारलं, "पण गॅरंटी नसेल ना?"