फ्यूज उडतोय म्हणून

जुन्या जीपला दिवे किती असावेत, याला कोल्हापूरकडे मर्यादा नाही. माझ्या आतेभावाच्या जीपला हेडलाइटमध्ये शंभर वॅटचे दोन बल्ब आणि छतावर पंचावन्न वॅटचे चार दिवे आहेत. रोजचा प्रवास उसाच्या रानातून घरापर्यंत. आत्यानं जेवायला हाक मारली तर रानात ऐकू येते, एवढंच अंतर. दिव्यांची बेरीज 420 वॅट. बारानं भागली की 35 अ‍ॅम्पियर. जीपचा मूळ अल्टरनेटरही 35 अ‍ॅम्पियरचाच, आणि तेही इंजिन चांगलं फिरत असेल तर. त्यावर गाण्यांचा डबा, दोन भोंगे आणि बसणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल. बॅटरी रोज उतरायची. सकाळी जीप ढकलायला भावकी जमायची. बांधावरून कोर्टात गेलेली माणसं तेवढ्यापुरती खांद्याला खांदा लावायची. हा सामाजिक फायदा दादाला दिसला नाही. त्यानं 90 अ‍ॅम्पियरचा अल्टरनेटर आणला.

दिवे कमी करावेत, असं मी सुचवून पाहिलं होतं. दादा त्यावर काही बोलला नाही. फक्त आत्याला विचारून आला, हा अजून किती दिवस आहे.

मोठा अल्टरनेटर बसला की बॅटरी जळणार, अशी कट्ट्यावरच्या जाणत्यांची खात्री होती. तसं होत नाही. रेग्युलेटर व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतो आणि अल्टरनेटर मागतील तेवढेच अ‍ॅम्पियर देतो. पण इथे मागणारे कमी नव्हते! उतरलेली बॅटरी, सगळे दिवे आणि गाण्यांचा डबा एकदम मागायला लागले की नव्वदच्या नव्वद जाणार, आणि जाणार ते जुन्याच वायरीतून. दादाच्या जीपमध्ये ही वायर इंजिनाकडून डॅशबोर्डमागे जायची, तिथल्या अ‍ॅमीटरमधून फिरायची आणि मग बॅटरीकडे परत यायची. अ‍ॅमीटरचा काटा दोन्ही बाजूंना तीसपर्यंत. नव्वद दाखवायचे तर त्याला डबीतून बाहेर पडून शेजारच्या सीटपर्यंत जावं लागलं असतं.

तीन मीटर लांब, सहा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घ्या आणि तिच्यातून 90 अ‍ॅम्पियर सोडा. पाऊण व्होल्टहून थोडा जास्तच वाटेत जिरतो आणि सत्तर वॅट उष्णता तयार होते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे आपण दहावीला पाठ केलेलं असतं. वायरीलाही ते माहीत असतं. थोडक्यात, दादाला सातवा दिवा मिळणार होता, डॅशबोर्डच्या मागे.

मी म्हटलं, "दादा, अल्टरनेटरपासून थेट बॅटरीपर्यंत पंचवीस चौरस मिलिमीटरची नवी केबल टाकू. अ‍ॅमीटर काढून व्होल्टमीटर लावू."

"जुन्या वायरीला काय झालंय?"

"विहिरीवर दहा एचपीची मोटार बसवून तिला पाऊण इंची पाईप लावशील का?"

"पाईप फुटला तरी पाणी आपल्याच उसात जातंय की."

केबल शेवटी मान्य झाली, कारण ती लाल होती, जाड होती आणि बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवता येत होती. अडलं ते फ्यूजवर.

"फ्यूज कशाला सायेब?" वायरिंगचे मिस्त्री म्हणाले. "फ्यूज उडतोय."

या तक्रारीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्त्रींनी हात लावलेल्या गाडीत फ्यूज कधीच उडत नाही, असा त्यांचा पंचक्रोशीत लौकिक आहे. फ्यूजच्या जागी ते तांब्याच्या चार तारा पिळून बसवतात. घाई असली तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. मग उडतं ते वायरिंग, पण ती तक्रार घेऊन येणारा चालत येतो आणि त्याला वेगळं बिल असतं.

मी नेटानं सांगत राहिलो. अल्टरनेटर देऊन देऊन नव्वद देईल. पण केबल घासून बॉडीला टेकली तर बॅटरी क्षणात शेकडो अ‍ॅम्पियर ओतेल. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, 125 अ‍ॅम्पियरचा. अल्टरनेटरच्या कमाल करंटपेक्षा जास्त, केबलला सोसेल त्यापेक्षा कमी. दादानं किंमत विचारली. अल्टरनेटरला हजारो मोजलेल्या माणसानं त्या काहीशे रुपयांसाठी अशी घासाघीस केली की दुकानदारानं दोन थिंबल फुकट दिले.

अर्थिंगकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे करंट परत जायला इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी लागते. ती गंजून तुटली की करंट दुसरी वाट धरतो, कधी कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून. सेल्फ मारला की तारेतून धूर निघतो आणि जाणते कार्ब्युरेटर तपासायला सांगतात. डिझेल जीपचा. पट्टी नवी घातली, खालचा रंग खरवडून.

इंजिन सुरू झालं, छतावर दिवाळी झाली, आणि मिस्त्री पाना घेऊन बॅटरीकडे निघाले.

"आता काय?"

"चालू गाडीत बॅटरी काढून बघतो. बंद पडली न्हाई तर अल्टरनेटर बरूबर."

ही डायनामोच्या काळातली परीक्षा. डायनामोत डायोड नसायचे, म्हणून ती खपून जायची. क्रायस्लरनं 1960 च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर आणला, पण ही बातमी सगळ्या गॅरेजांपर्यंत अजून पोचायची आहे. भरपूर करंट जात असताना बॅटरी सोडवली तर रेग्युलेटर सावरेपर्यंत बारा व्होल्टच्या गाडीत शंभराच्या आसपासचा झटका येऊ शकतो. डायोड, रेग्युलेटर, गाण्यांचा डबा, जे सापडेल ते जातं. शिवाय दादाच्या जीपचा डिझेल पंप निव्वळ यांत्रिक. एकदा सुरू झालेलं ते इंजिन अल्टरनेटर उचलून घरी नेला तरी चालूच राहील.

मी मिस्त्रींच्या आणि बॅटरीच्या मध्ये उभा राहिलो आणि मल्टीमीटर लावला. 14.2. सगळे दिवे लावून 13.9.

"आकडा बरा हाय," मिस्त्री म्हणाले, "पण खात्री कशी पटायची?"

परवा दादाचा फोन आला. त्याला पुढच्या बंपरवर विंच बसवायची आहे, चिखलात रुतलेले उसाचे ट्रॅक्टर ओढायला.

"पूर्ण ताकदीनं ओढताना किती खातंय रे ते?"

"चारशे अ‍ॅम्पियर."

पलीकडे बेरीज-वजाबाकी चालल्याचं ऐकू आलं.

"मग असले अजून चार अल्टरनेटर बसतील का रे?"