त्यात एक गोम आहे

दामूकाकांना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, सोसायटी वेगळी असेल. पण कुकरची शिट्टी बदलायची म्हटली तरी "थांबा, घाई नको" म्हणत जिन्यात गाठणारा एक माणूस प्रत्येक बिल्डिंगच्या वाट्याला येतोच. तिसऱ्या मजल्यावरच्यांना गीझर घ्यायचा होता तेव्हा काकांनी त्यांना आधी पाण्यातले क्षार तपासायला लावले. गीझर बसला मे महिन्यात.

आमच्या सहा वर्षांच्या चिऊला व्हिडिओ काढायला कॅमेरा हवाय, हे माझ्या तोंडून लिफ्टमध्ये निसटलं.

"बजेट?"

"दोन हजार."

"मिळेल. पण त्यात एक गोम आहे."

संध्याकाळी काका वही घेऊन हजर. "खोक्यावर चाळीस मेगापिक्सेल लिहितात. थोतांड! आतला सेन्सर एवढासा, उरलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम वीस लाख ठिपके. दोन मेगापिक्सेल! मग बाकीचे अडतीस कुणाकडे जेवायला जातात?"

मला सांगता येईना.

"रबरी कव्हर असलेला घ्या, पडला तरी वाचेल. त्यात गोम अशी, की कधीकधी तेच कव्हर माइकचं भोक झाकतं. गळ्यातली दोरी ओढली की सुटणारी हवी. आणि कार्ड! मायक्रो एसडी म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटर. पोरीने गिळलं तर?"

चिऊ शेजारीच बसली होती. तिच्या डोक्यात हे तोवर आलं नव्हतं.

रविवारी काकांनी मला लॅमिंग्टन रोडला नेलं. दुकानदाराने समोर मांडलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात एकेक गोम निघत गेली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "काका, खेळणं आहे हो ते."

झालं! "खेळणं? अहो, १९८७ साली अमेरिकेत फिशर-प्राइसने मुलांसाठी पीएक्सएल २००० काढला. साध्या गाण्याच्या कॅसेटवर व्हिडिओ! चित्र काळंपांढरं, कॅसेट भराभर पळायची, पाच-सहा मिनिटांत एक बाजू खलास. पण सेडी बेनिंगला पोरवयात वडिलांनी तो दिला आणि त्यावर काढलेल्या फिल्म्स पुढे कलासंग्रहालयांत दाखवल्या गेल्या. कळलं?"

दुकानदार हात जोडून म्हणाला, "मग तोच घेऊन टाका."

"त्यात एक गोम आहे. तो कधीच बंद झाला."

आम्ही वडापाव खाऊन परतलो.

मी वैतागून काकूंकडे गेले, तर त्या हसल्या. "आमच्या मंदारच्या वेळी हेच. हाय-एट घेऊ म्हणेपर्यंत डिजिटल येणार म्हणून थांबले. ९५ साली डिजिटल आला, तर म्हणे किंमत उतरू दे. कॅमेरा घरात आला तेव्हा मंदार दहावीत. 'बाबा, तो आधी बंद करा', एवढंच बोलणं आहे त्या कॅसेटवर."

मंदार आता टोरांटोला असतो. त्याचं रांगणं, बोबडं बोलणं, गॅदरिंगमधला मावळा, कशाचीच फीत नाही. ती एक कॅसेट काकांनी कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्या घालून ठेवली आहे आणि ती लावायला घरात चालू यंत्र उरलेलं नाही. हे कळल्यावर माझं चिडणं कमी झालं. थांबलं नाही; माणूस लिफ्ट अडवून बॅटरीवर बोलतो तेव्हा चिडावंच लागतं.

कॅमेरा मी कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानातून घेतला. निकष एकच, बटण मोठं हवं. रात्री चित्र गढूळ येतं, आवाज डब्यातून आल्यासारखा. काकांनी सगळं आधी सांगितलं होतंच.

चिऊचा आवडता नट अर्थातच दामूकाका. बिल्डिंगमध्ये इतका वेळ एका जागी उभं राहून बोलणारं दुसरं आहे कोण? ती खालून धरते, म्हणून बहुतेक व्हिडिओंत त्यांची हनुवटी, नाकपुड्या आणि जिन्यातला बल्ब दिसतो. काका दर रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतात, सगळे व्हिडिओ भरून घेतात आणि टोरांटोला पाठवतात. गेल्या आठवड्यात तिकडून निरोप आला : बाबांचा चेहराही येऊ दे की.

कॅमेरा एकोणीसशेला पडला. काकांना मी पंधराशे सांगितलेत. तुमची त्यांची गाठ पडली, तर कृपा करून तोच आकडा सांगा.