चिठ्ठीवरचे औषध

सिल्डेनाफिल हे हृदयासाठी शोधलेले आणि भलत्याच कामी आलेले औषध. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत ते अंजायनावर, म्हणजे छातीत येणाऱ्या कळांवर, तयार झाले. चाचण्यांत छातीला फारसा दिलासा मिळाला नाही. मात्र स्वयंसेवक पुरुषांनी एक अनपेक्षित दुष्परिणाम कळवला. त्याची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला मान्यता मिळाली.

उत्तेजना आली की नसांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, लिंगातील रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरते आणि ताठरता येते. हा सारा कारभार आवरता घेणाऱ्या पीडीई-५ या विकराला औषध अडवून धरते. इच्छा मात्र ते निर्माण करत नाही. घरातला अबोला पन्नास मिलिग्रॅमने सुटल्याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. परिणाम दिसायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तुपाने थबथबलेले जेवण आधी झाले असेल तर त्याहून जास्त.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळावे, असा नियम आहे आणि त्याला कारण आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबू शकतात. ताठरतेची अडचण अशा वेळी मधुमेहाची, उच्च रक्तदाबाची किंवा पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पहिली वर्दी असू शकते. शिवाय छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. असा काही आजार आहे का आणि नायट्रेट चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारण्यासाठीच डॉक्टर असतो. रुग्णाला नेमके तेच दोन प्रश्न टाळायचे असतात.

भारतात हे औषध ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, मोडते. वेष्टनावर लाल रेघ असते. ती वाचण्याची प्रथा नाही. गिऱ्हाईक काउंटरवरची गर्दी ओसरण्याची वाट पाहते, आवाज खाली आणते आणि गोळी मित्रासाठी हवी असल्याचे सांगते. या मित्राला मधुमेह आहे का, हे केमिस्ट विचारत नाही; गोळी खाकी पाकिटात जाते.

कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. परवानाधारक कंपन्या ती पाळतात. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींनी बहुधा तो कायदा वाचलेला नसावा. त्यामुळे तपासून मान्यता मिळालेले औषध गप्प राहते आणि ‘मर्दानी ताकद’ मोठ्या अक्षरांत, मोबाइल क्रमांकासह बोलते. ॲलोपॅथीची भीती बाळगून जडीबुटीकडे वळणाऱ्यांसाठी एक तपशील महत्त्वाचा: अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेला ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा अनेक उत्पादनांत लपवलेले सिल्डेनाफिल वेळोवेळी सापडले आहे. म्हणजे गोळी तीच. फक्त मात्रा किती, हे वेष्टनावर नसते आणि नायट्रेटचा इशाराही नसतो.

डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, नजरेला निळसर झाक येणे हे नेहमीचे दुष्परिणाम. ताठरता चार तासांहून अधिक टिकल्यास ती फुशारकी मारण्याची बाब नसून तातडीच्या उपचाराची आहे. उशीर झाल्यास कायमची इजा होऊ शकते. रुग्णालयातील नोंदणीच्या खिडकीवर मात्र मित्राचे नाव सांगून भागत नाही.