कोण उचलणार?

टोरांटो,
जुलै

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे दोघांना बऱ्या नोकऱ्या असताना ओझी वाहायची वेळ का आली?" म्हणून सविस्तर लिहिते.

ऑगस्टमध्ये आमची मित्रमंडळी अल्गॉनक्विन पार्कात कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, घेऊन राहायला जाणार आहेत. मे-जूनमध्ये तिथल्या काळ्या माश्या फोडून खातात, म्हणून ऑगस्ट. पार्क म्हटल्यावर बाग डोळ्यांपुढे आणू नकोस. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वरचं जंगल आहे ते, आपल्या अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याएवढं, आणि आत तळीच तळी. एक तळं संपलं की तंबू, शिधा आणि खुद्द होडी खांद्यावर घ्यायची आणि दुसऱ्या तळ्यापर्यंत पायी चालायचं. याला म्हणायचं पोर्टेज. हलकी म्हणतात ती केव्हलारची कनूसुद्धा अठरा-वीस किलो भरते. सगळं सामान एका खेपेत जात नाही. एक किलोमीटरच्या वाटेला दोन खेपा म्हणजे जा, रिकामे परत या, पुन्हा जा, अशी तीन किलोमीटरची चाल. हा हिशेब तुमच्या जावयांनी मांडला आणि त्यांचीच झोप उडाली.

बाबा, तुमच्या तालमीतल्या बैठकांना इथे भाव आला आहे. होडी उचलताना दंड कामाला येत नाहीत, मांड्या येतात. जावईबापू सकाळी बैठका मारतात आणि संध्याकाळी पाठपिशवीत बासमतीची गोणी घालून इमारतीचे जिने चढतात. परवा चौथ्या मजल्यावरच्या आजींनी काळजीने विचारलं, "लिफ्ट बंद पडली का?" हे धापा टाकत म्हणाले, "नाही, चालू आहे." आजींनी हळूच दार लावून घेतलं.

वल्हवायचा सराव ऑन्टारिओ सरोवरात चालतो. वल्हं नुसत्या हातांनी मारलं तर खांदे भरून येतात. कंबरेतून वळून मारायचं असतं. पुढे बसणाऱ्याने जोर लावायचा, मागे बसणाऱ्याने दिशा धरायची. शिकवणाऱ्या बाईंनी मला मागे बसवलं. जावईबापू पुढून मान वळवून वळवून मला सूचना देऊ लागले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्याने पुढे बघायचं." ते वाक्य मी फ्रिजवर चिकटवलं आहे. आणि हो, पंचगंगेत पोहायला शिकले असले तरी माणशी एक लाइफ जॅकेट होडीत असावंच लागतं, तो कायदाच आहे.

तब्येतीचं जमतंय, खरं कठीण आहे ते मंडळींना एका यादीत बसवणं. आतल्या मुक्कामाला एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं. "बाळ काय, मांडीवर बसेल" हे तिथे चालत नाही. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी, त्यामुळे तुझं लोणचं घरीच राहणार. पहिल्या यादीत तरीही प्रेशर कुकर, कॅरम, घडीच्या खुर्च्या आणि एका गाणाऱ्या वहिनींची हार्मोनियम होती. कोणी ऐकेना. शेवटी मी यादीत एक रकाना वाढवला: "कोण उचलणार?" त्याच रात्री कुकर गेला, कॅरम गेला, खुर्च्या गेल्या आणि हार्मोनियमचा घसा बसला. मीटिंगा घेऊन जे झालं नाही ते एका रकान्याने केलं.

जेवणाचं मात्र छान जमलंय. मटकीची उसळ शिजवून, यंत्रात सुकवून पाहिली. खडखडीत झाली, पण गरम पाण्यात अर्धा तास ठेवली की पुन्हा उसळ! बाकी दडपे पोहे, गूळपापडी आणि मेतकूट-भात. रात्री सगळा शिधा, अगदी टूथपेस्टसुद्धा, दोरीने झाडाला उंच टांगायचा, कारण अस्वलं वासावर येतात. तुझ्या कांदा-लसूण मसाल्याची पुडी उघडली की शेजारचं घर शिंकतं, तेव्हा तो सगळ्यांत वरच्या फांदीला. पण पाठव नक्की, आणि भाजणीही.

बाबा, अस्वलासाठी शिसवी काठी पाठवू का म्हणालात. इथली रीत अशी, की मोठ्याने बोलत चालायचं. माणसांची चाहूल लागली की ते बहुधा आपणच वाट सोडतं. नऊ मराठी माणसं एकत्र चालली आहेत, तेव्हा त्या बाजूने निर्धास्त राहा. तरीही काठी पाठवायचीच असेल तर आधी वजन कळवा. यादीत लिहिते, पण तिच्यापुढचा रकाना भरायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.

तुमची,
लेक