तळ्याकाठी पूर्वाभिमुख

एकदा फ्लॅट घेतलेला माणूस पुढे कुठलीच जागा बघायच्या लायकीचा राहत नाही. आम्ही कोथरूडात घर शोधत होतो तेव्हा सासरेबुवांनी मला एक यादी तोंडपाठ करायला लावली होती: दार पूर्वेला हवं, पाणी मुबलक हवं, समोर मोकळं हवं, जमीन सपाट हवी आणि दारात एखादं झाड असलं तर दुधात साखर. ती यादी माझ्या डोक्यात इतकी मुरली की पुढे तंबू ठोकायला जागा निवडायची वेळ आली तेव्हा मी सहीसही तीच बाहेर काढली. यादीत खोट काही नव्हती हो. पण घराला भिंती असतात.

तंबूचं खूळ आमच्याकडे कन्येमुळे शिरलं. तिच्या कॉलेजातली निम्मी पोरं शनिवारी कुठल्या ना कुठल्या पाण्याकाठी झोपायला जातात आणि सोमवारी झोप न झालेले डोळे घेऊन परत येतात. फोटो मात्र असे की बघणाऱ्याने तडक माळ्यावरची बॅग खाली काढावी. केशरी तंबू, मागे निळंशार पाणी, त्याच्या मागे तिकोना नाहीतर तुंग. "बाबा, आपण पण जाऊ या ना," असं ती म्हणाल्यावर मी मोठ्या रुबाबात "जागा मी बघतो" म्हणालो. ही आतून ओरडली, "अहो, संडास किती लांब आहे ते आधी विचारा!" तळं, डोंगर, चांदणं असा सगळा विषय चालू असताना बायकांना नेमकं हेच कसं सुचतं, असा विचार करत मी तो प्रश्न सोडून बाकी सगळं विचारलं.

पहिला मान पवनेचा. मावळातलं हे धरण पुण्या-मुंबईच्या तंबूवाल्यांचं पंढरपूरच झालंय म्हणा ना. काठाकाठाने इतके तंबू, की रात्री कंदील लागले की वाटावं इथे नवीन वॉर्ड मंजूर झालाय. पॅकेजही ठरलेलं: संध्याकाळी चहा-भजी, मग बार्बेक्यू, रात्री जेवण, सकाळी पोहे. मी फोनवर एवढंच विचारलं, "लेक-टच आहे ना?" पलीकडचा म्हणाला, "एकदम लेक-टच, सर. पाय सोडून बसा." त्याने पाठवलेल्या फोटोत पाणी खरोखरच तंबूच्या दोऱ्यांना लागलं होतं. तो फोटो पावसाळा संपतानाचा होता आणि आम्ही गेलो मे महिन्यात.

आपल्याकडचे बहुतेक 'लेक' म्हणजे धरणांची पाठ. खडकवासला घ्या, पानशेत घ्या, वरसगाव घ्या. सप्टेंबरात काठोकाठ आणि मेमध्ये तळाशी. ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तंबू आपल्या जागेवर इमानाने उभा होता. पाणीच निघून गेलं होतं. मध्ये उतार, त्यावर तडकलेला गाळ, आणि लांब खाली काहीतरी चकाकत होतं. माझा मेहुणा निगडीचा. त्याने कमरेवर हात ठेवून धरणाचं नियोजन, सरकार, तंबूवाला आणि अखेरीस मी अशा क्रमाने सगळ्यांना झाडलं. पैसे पाण्याचे घेतले तर पाणी कुठे आहे, हा त्याचा सवाल. भजी घेऊन आलेल्या पोऱ्याने शांतपणे सांगितलं, की पवनेचं पाणी नदीत सोडतात, ते पुढे रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना देतात. मेहुणा गप्प झाला. दर रविवारी नळी लावून तासभर गाडी धुणारा माणूस तो. आमचं अर्धं तळं त्याच्याच बॉनेटवरून वाहून गेलं होतं.

तरी पैसे वसूल करायचे म्हणून मी पाण्यापर्यंत गेलोच. वरून खडखडीत वाळलेला गाळ आतून लोण्यासारखा असतो, हे पाय घोट्यापर्यंत रुतल्यावर कळतं. पाय निघाला, चप्पल राहिली. ती काढायला वाकलो तर चष्मा पडला, चष्मा उचलायला दुसरा पाय टाकला तर दुसरीही चप्पल गेली, आणि वरून कन्या "बाबा, हलू नका, छान येतंय," म्हणत व्हिडिओ काढत होती. शेवटी अनवाणी वर आलो. तेव्हा पहिल्यांदा मला तो न विचारलेला प्रश्न पडला, आणि उत्तर लांबचं निघालं.

रात्रीचं काय सांगू? थंडावलेल्या पाण्यावरून आवाज फार लांब जातो, हे विज्ञान त्या रात्री पाठ झालं. दहाला स्पीकर बंद झाले ते झालेच, पण पलीकडच्या काठावर कोणा मुलीला तिच्या मॅनेजरने अप्रेझलच्या वेळी काय काय सुनावलं ते मी अजूनही शब्दशः सांगू शकतो. तिची बाजू बरोबर होती. पहाटे कुठे डोळा लागतो न लागतो तोच माझी हौसेने मागून घेतलेली पूर्व दिशा उजाडली. नायलॉनच्या कापडावर सकाळचं ऊन सरळ पडलं की आत काय होतं ते इडलीलाच विचारावं. सासरेबुवांची पूर्व भिंतीतून येते, माझी थेट डोक्यावर आली.

मग पाण्यापासून मन उडालं आणि मी जंगलाकडे वळलो. भंडारदऱ्याचे काजवे! मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस तोंडावर आला की हिरडा, बेहडा, सादडा असल्या झाडांवर काजवे उतरतात आणि अख्खं झाड एका तालात लुकलुकतं. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे मनाला येईल तिथे जंगलात पथारी पसरता येत नाही, तंबू ठोकायचे ते गावकऱ्यांच्या आवारात नाहीतर शेतात. पलीकडे प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ साली बांधून झालेलं, माझ्या आजोबांच्या पिढीचं आणि माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम.

इथे आमच्या यजमानांनी घरामागचा उताराचा माळ दाखवला. दगड, गवत, आणि झोपलं तर रात्रभर हळूहळू पायथ्याकडे घसरावं असा उतार. मी मान हलवली. सपाट जागा हवी! आणि ती मला सापडलीही. घराच्या खाली, पाणसळ लावल्यासारखी सपाट, पायाखाली मऊ, भोवती वीतभर उंचीचा छान आखीव बांध. मला वाटलं, कोणी हौशी माणसाने तंबूसाठी ओटाच केलाय. यजमान लांबून काहीतरी सांगत होते, पण मी खुंट्या ठोकण्यात गर्क होतो, आणि मऊ मातीत खुंटी एका दणक्यात जाते याचं मला कोण कौतुक!

काजवे बघितले. त्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण बॅटरीचा झोत त्या झाडावर पाडून ते सगळं झाड विझवणारा इसम मीच होतो, आणि अंधारातून आठ-दहा अनोळखी आवाजांनी माझा जो उद्धार केला तो छापण्यासारखा नाही. आपण एवढ्या लांबून त्यांना बघायला जातो, पण ते बिचारे एकमेकांना बघायला जमलेले असतात, त्यांच्या लग्नाच्या मांडवात हॅलोजन घेऊन शिरू नये.

मध्यरात्री वळीव आला. आधी वारा, मग विजा, मग पत्र्यावर दगड पडावेत तसे थेंब. तंबू मात्र गळला नाही, कंपनीचं नाव राखलं त्याने. पाणी वरून आलंच नाही, ते खालून आलं. आधी पाठ ओली झाली, मग उशी हलली, मग कन्येचा मोबाइल माझ्या कानाशी तरंगत आला. बाहेर पडलो तर बांधाच्या आत सगळीकडे पाणी आणि मधोमध आमचा तंबू. यजमान इरलं घेऊन ओसरीत उभे होते. त्यांनी अजिबात न चिडता सांगितलं, "सायेब, खाचर हाय ते भाताचं. पानी थांबावं म्हनून तर बांध घातलाय." पिढ्यान् पिढ्या राबून माणसांनी पाणी साठवायला केलेली तालुक्यातली उत्तमातली उत्तम जागा मी झोपायला निवडली होती. वरच्या माळावर, उतारावर, सगळे तंबू कोरडे होते. उरलेली रात्र आम्ही त्यांच्या ओसरीत, शेळीच्या पलीकडे काढली. शेळीने काही विचारलं नाही, हिने विचारलं.

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी स्वतःचा तंबू विकत घेतला. खोक्यावर लिहिलं होतं 'चार माणसांसाठी', आणि ते खोटं नव्हतं. चार माणसं उताणी, हात छातीवर, कूस न बदलता आणि सामान घरी ठेवून आली तर मावतात. सोसायटीच्या गच्चीवर रंगीत तालीम केली. त्या रात्री थंडी वाजेल आणि पाली शिरतील या भीतीने मी सगळ्या चेनी गळ्यापर्यंत ओढून घेतल्या, खिडक्यांच्या जाळ्याही झाकल्या. पहाटे कपाळावर थेंब. मग दुसरा. "पाऊस!" म्हणून मी ओरडलो, सगळे धडपडत बाहेर आले, तर वर स्वच्छ चांदणं आणि वॉचमन आमच्याकडे बघतोय. आत कोंडलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागली की तिचं पाणी होतं, म्हणून थंडीतही तंबूला हवेची वाट ठेवावी लागते. रात्रभर आम्हीच आमच्यावर पाऊस पाडत होतो.

इतकं शिक्षण घेतल्यावर डिसेंबरात मुळशीला गेलो. मुळशीचं पाणी आपल्या नळाला येत नाही, ते सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि त्यावर मुंबईचे दिवे लागतात. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. गावंच्या गावं पाण्याखाली गेली तिथे. ज्या काठावरून माणसं घरं सोडून गेली तिथे आम्ही पैसे भरून एका रात्रीपुरते बेघर व्हायला जातो, हे मनात आलं की भज्याचा घास जरा अडकतो. पण अडकतो तेवढाच, हेही खरं.

या खेपेला मी मोबाइलमध्ये होकायंत्र घेऊन गेलो होतो. पाणी दिसेल पण जवळ नको, कारण रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते आणि काठाशी साचून बसते. सपाट, पण खोलगट नको. पूर्व नको. पहिल्यांदा जांभळाखाली तंबू उभा केला. जागेचे मालक, तिशीतला तरुण, येऊन नुसते वर बघत उभे राहिले. मीही वर बघितलं. बरोबर माझ्या उशीच्या वर एक वाळकी फांदी लोंबत होती. तंबू हलवला. तिथे लाल मुंगळ्यांची रहदारी होती. पुन्हा हलवला. तिथे उतार डाव्या बाजूला, म्हणजे चौघेही रात्री मेहुण्यावर. ही खुर्चीत बसून चहा पीत होती. येतानाच तिने मालकांना तो एक प्रश्न विचारून संडासापासून चाळीस पावलांवरची, कारवीच्या कुडाच्या आडोशाची जागा हेरून ठेवली होती, आणि तिथे शेजारच्या तंबूतले लोक केव्हाच घोरायलाही लागले होते.

"काका, वर टेपाडावर लावा," मालक म्हणाले, "खाली लई गारठा उतरतो." पटलं. पण आता परत सगळं सोडायचं, काठ्या काढायच्या, कापड घडी करायचं? मी फक्त खुंट्या उपटल्या. उभाच्या उभा तंबू असा हलका लागतो म्हणून सांगू, दोन बोटांवर उचलावा! आतल्या सोलापुरी चादरी, बॅटरी आणि माझी लोकरीची कानटोपी तशीच राहू दिली. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मेहुणा. अर्ध्या वाटेत त्याला वाटलं, पाण्यावर पसरलेल्या त्या केशरी उजेडाचा एक फोटो घ्यावा. त्याने हात सोडला आणि नेमका त्याच वेळी वारा सुटला.

घुमटाकार तंबू खुंट्यांविना फार सुंदर चालतो. तो आधी उचलला गेला, मग माझ्या हातातून निसटला, मग एक कोलांटी, दुसरी कोलांटी, मुंगळ्यांवरून, जांभळाखालून, दोन टेबलांमधून कोणालाही धक्का न लावता, आणि शेवटच्या उतारावर जरा थांबून, जणू दिशा बघून, तो अलगद पाण्यात उतरला. बुडाला नाही. आत बॅटरी चालू होती. सगळा काठ उठून उभा राहिला, मोबाइल बाहेर आले, मालक लाइफ जॅकेट शोधत होडीकडे पळाले, मी मालकांच्या मागे, ही चहाचा कप खाली न ठेवता माझ्याकडे बघत, आणि मेहुणा "हा फोटो भारी आला!" असं म्हणत.

होडी सुटेपर्यंत टेपाडावरच्या तंबूतून एक पोरगा धावत खाली आला आणि मालकांना विचारायला लागला, "दादा, ते पाण्यातलं कितीला पडतं?"