उतरवून घेणारे अण्णा

राजकोटहून लेथ घेऊन आलेला ट्रकवाला सोलापुरात होटगी रोडला विमानतळाच्या भिंतीशी थांबून पत्ता विचारतो, आणि ज्याला विचारतो तो माणूस पत्ता सांगायच्या ऐवजी केबिनमध्ये चढून बसतो. हे अण्णा. मालकाला डिलिव्हरीची खबर लागते ती ट्रक दारात उभा राहिल्यावर, अण्णांनी उतरून चहाची ऑर्डर दिल्यावर.

अण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. होटगी स्टेशनच्या आसपास कुठल्याही वर्कशॉपपुढं जड काही उतरायचं असेल, तर किमान एक अण्णा हजर असतोच. शर्ट पांढराशुभ्र, खांद्यावर सोलापुरी टॉवेल, हात पाठीमागं बांधलेले. हयात यंत्रांच्या गर्दीत गेली, पण शर्टाला ग्रीसचा एक ठिपका नाही. यावरून त्यांचा अनुभव कुठल्या अंतरावरून घेतलेला आहे हे चाणाक्ष माणसानं ओळखावं.

घराण्याचा वारसा मात्र अस्सल आहे. 1884 साली गदगहून विजापूरमार्गे मीटर गेज होटगीपर्यंत आली, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं इथं दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदले. मुंबई-मद्रास मार्गाची मोठी लाईन 1676 मिलिमीटरची, छोटी बरोब्बर 1000 ची. डबा काही या रुळांवरून त्या रुळांवर जात नाही, म्हणून पोती, पेट्या, लोखंड, सगळा माल माणसांनी एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचा. गेज बदललं आणि ते काम संपलं. अण्णा सांगतात, "आमच्या वडलांच्या टायमाला बॉयलर उतरवलेत इथं, नुसत्या पहारीवर!" वडील हमाल होते का, असं विचारलं तर म्हणतात, "छे! बघायला जायचे."

आता लेथ. दीड-दोन टनांचं धूड, त्यात हेडस्टॉककडची बाजू जड. हायड्रा क्रेनवाला बूम खाली घेतो, मुकादम कॅरेज टेलस्टॉककडं सरकवून तोल साधतो आणि लीड-स्क्रूला पट्टा घासू नये म्हणून मध्ये लाकूड घालतो. या धंद्यात पहिला नियम असा, की हायड्रावाल्यानं एकाच माणसाचा हात बघायचा. अण्णांनाही तो मान्य आहे. एकच माणूस म्हणजे ते. उजव्या हातानं ते हायड्राला 'वर' सांगतात, डाव्या हातानं पोरांना 'मागं', आणि त्याच वेळी तोंडानं ट्रकवाल्याला "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बाऽऽस!" ट्रकवाला पंजाबी, त्याला यातलं फक्त 'बास' कळतं. तेवढ्यावर आजवर भिंती वाचल्या आहेत.

"अरे काय कराल्यात हे! पट्टे पसरा की बे, उंची कमी लागंल!" अण्णा ओरडतात. मुकादम ऐकून न ऐकल्यासारखं करतो. दोन पट्टे इतके पसरले की जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला, तर एकेका पट्ट्यावर अर्धा नव्हे, अख्ख्या यंत्राइतका ताण येतो. हे गणित मुकादमानं कागदावर मांडलेलं नाही. त्यानं तुटलेला पट्टा पाहिलेला आहे. तो यंत्र वीतभर उचलून थांबतो, कुठं कलतंय ते बघतो आणि कानडीत पोरांना पुटपुटतो, "निधान, निधान," म्हणजे हळू, हळू. अण्णा लगेच जमलेल्यांकडं वळतात. "बघा, मी सांगितलं म्हणून थांबला."

दारातून आत हायड्रा जात नाही. तिथून पुढं लोखंडी पाईपांचं राज्य. यंत्राखाली पाईप, मागून पहारीचा टेका, आणि मागचा पाईप सुटला की उचलून पुढं घालायचा. लेथ मुंगीच्या पावलांनी सरकतो. या वेळी अण्णांचा आवाज थोडा उतरतो, कारण तिथं उभं राहायचं तर पाय पाईपापासून सांभाळावे लागतात.

ते पुन्हा खुलतात ते यंत्रासोबत आलेली पेटी फोडताना. पेटीवर बाण असतो, छत्री असते, काचेचा ग्लास असतो. बाण म्हणजे ही बाजू वर, छत्री म्हणजे पाण्यापासून जपा, ग्लास म्हणजे नाजूक माल. अण्णांचा अर्थ स्वतंत्र आहे: "संध्याकाळची पार्टी मालकाकडं, पाऊस असला तरी." फळ्या मात्र ते स्वतः मोजून बाजूला ठेवतात आणि खिळे सरळ काढायला लावतात. त्यांच्या घरी कोंबड्यांचा खुराडा याच फळ्यांचा आहे. बाण जमिनीकडं, ग्लास उलटा, आणि कोंबड्या गेली कित्येक वर्षं अजिबात तक्रार न करता राहतात.

यंत्रावरचं गंजरोधक तेल रॉकेलनं धुतल्याशिवाय कॅरेज पुन्हा हलवायची नाही, कारण त्या चिकट थरात वाटेतली धूळ बसलेली असते आणि ती बेड ओरबाडते. पोरगा पुसत असतो तोवर अण्णांनी हँडव्हील धरलेलं असतं. "फिरतंय का बघतो नुसतं." मुकादम एवढ्याच वेळी त्यांचा हात धरतो. मग लेव्हल. फिटर मीटरला 0.02 मिलिमीटरचा फरक दाखवणारी लेव्हल बेडवर ठेवतो. अण्णा एक डोळा मिटून दुरून बघतात आणि "पलीकडं सूतभर खाली आहे" म्हणतात. पलीकडं म्हणजे कुठं, हे विचारायची पद्धत नाही.

मोठी कामं अण्णांच्या हातून निसटली याची त्यांना खंत आहे. फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प झाला, पण तिथं आत जायला पास लागतो. 2023 च्या जूनमध्ये कुमठ्याच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी पाडली, तो दिवस त्यांनी उपाशी काढला. "पाडायची कशाला? वरून खोलत उतरवली असती. मला विचारायचं तरी."

इतकं असूनही इथले जुने वर्कशॉपवाले अण्णांना हाकलत नाहीत, उलट निरोप धाडतात. त्याचं कारण मला एका मालकानं सांगितलं आणि ते पटलं. यंत्र उतरताना शंभर बघे जमतात, त्यातले दहा सल्ला देतात, दोन बूमखाली येऊन उभे राहतात. अण्णा असले की सगळे अण्णांभोवती जमतात, त्यांचा इतिहास ऐकतात, आणि मुकादमाला मोकळी जागा मिळते. जड यंत्राखाली माणूस नसणं याहून मोठी सुरक्षा नाही, आणि ती होटगीत एका चहावर मिळते.

तेव्हा तुमचं यंत्र इकडं यायचं असेल, तर हायड्रा आदल्या दिवशी सांगून ठेवा, पेटीला काही मार लागलेला दिसला तर बिल्टीवर शेरा मारल्याशिवाय सही करू नका, आणि अण्णांची खुर्ची बूमच्या आवाक्याबाहेर, सावलीत मांडा. फळ्यांचं आधीच बोलून घ्या.